दुर्गंध : त्याची ओळख व त्याची नावे
(मंडळीत वाचून दाखविण्यासाठी पाठ)



मलकापूर व कऱ्हाड ह्यांच्या सभोवार उसाचे मळे आहेत. गाळपाच्या दिवसांत एखाद्या कारखान्याच्या बाजूने वारा सुटला म्हणजे मळीचा आंबूस दर्प वाटसरूच्या नाकास झोंबतो, व तो उपरण्याने नाक झाकतो. पण तेथेच राहणाऱ्या मनुष्यास विचारावे, तर तो म्हणतो, "कसला वास? मला तर काही येत नाही." ह्या दोघांपैकी खोटे कोण बोलतो? कोणीच नाही. हे कसे, ते आज पाहू.

१. वास कसा कळतो? वास येणाऱ्या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण हवेतून नाकाच्या वरच्या भागी पोहोचतात. ते ओळखणारी सुमारे ४०० प्रकारची ग्राहके मनुष्याच्या नाकात आहेत. ही रचना उलगडून दाखविल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल व लिंडा बक ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांस २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु एकच वास सतत येत राहिला म्हणजे त्याची जाणीव लवकरच मंदावते. नाक नव्या वासाची वर्दी देते, जुन्याची देत नाही. म्हणूनच आपल्या घरातील घाण आपल्याआधी पाहुण्यास कळते.

२. वास कसा सांगावा? रंगास तांबडा, पिवळा अशी स्वतःची नावे आहेत. वासास बहुधा वस्तूचेच नाव उसने घ्यावे लागते : धुराचा, घामाचा, शेणाचा. तरी आपल्या मराठीत दुर्गंधाची नेमकी नावे पुष्कळ आहेत. जुने खोबरे खवट, ओलसर कपडे कुबट, शिळे वरण आंबूस, तव्यास लागलेली भाकरी करपट, मासळी वशट. नेमके नाव घेतले की कारण समजते, व कारणावरून उपाय सुचतो. खवटपणा तेलास हवा लागल्याने येतो, तेव्हा भांडे घट्ट झाकावे. कुबट वास बुरशीचा, तेव्हा ऊन दाखवावे. मासळीस चिंच किंवा कोकम लावावे, कारण आंबटाने तो वास मरतो. नुसते "घाण येते" म्हणून नाक मुरडणाऱ्यास ह्यातील काहीच साधत नाही.

३. वास थांबला म्हणजे भय टळले काय? मुळीच नाही. मैल्याच्या टाकीत व गटारात सडक्या अंड्यासारखा वास येणारा एक वायू साठतो. तो थोडा असता नाकास लगेच कळतो. फार झाला म्हणजे नाकच बधिर करतो. उतरणाऱ्यास वाटते की वास गेला, आणि तो तेथेच कोसळतो. त्यास काढावयास गेलेला दुसराही त्याच्यावर पडतो. यास्तव अशा टाकीत कोणीही उतरू नये, कोणास उतरवूही नये. उलट, स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळतात. अशा ठिकाणी दुर्गंध हा शत्रू नसून पहारेकरी आहे.

४. दुर्गंध कोणाचा? तो वस्तूचा असतो. पण लोक तो मनुष्यास चिकटवितात. गावाचा मैला ज्यांनी उचलला व मेलेली गुरे ज्यांनी ओढली, त्यांनाच गावाने घाणेरडे म्हटले. घाण केली सर्वांनी आणि नाव पडले उचलणाऱ्याचे! कोकणातील अप्पासाहेब पटवर्धन ह्यांनी हे उलटे माप ओळखले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असता त्यांनी भंगीकाम आपणांस द्यावे अशी मागणी केली. तिला पाठिंबा म्हणून गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपवास धरला. पुढे १९४८ साली कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापून अप्पासाहेबांनी मैल्याचे खत करण्याची रीत लोकांस शिकविली. मैल्यावर माती पडली, तो कुजला, की त्याची घाण जाते व खत उरते. आता मनुष्याकडून हाताने मैला उचलवून घेण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. कायदा हात थांबवू शकतो. जीभ मात्र आपली आपणच आवरली पाहिजे.

म्हणून नाक सांगते ते पहिल्याच क्षणी ऐकावे, वासास त्याचे खरे नाव द्यावे, आणि ते नाव कोणा मनुष्यास कधीही देऊ नये.

प्रश्न : (१) घरातील दुर्गंध पाहुण्यास आधी का कळतो? (२) खवट व कुबट ह्यांत भेद काय? (३) टाकीतील वास नाहीसा झाला तर काय समजावे? (४) आपल्या गावात दुर्गंधाचे नाव कोणास दिले जाते? ते योग्य आहे काय?