टेम्पोवर पांघरलेला दरबार

लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात राहणारे निवृत्त हवालदार फौजेबद्दल फारसं वाकडं बोलत नाहीत. शिव्या त्यांनी राखून ठेवल्या आहेत वडशाच्या एका नाटक कंपनीच्या मालकासाठी. मालकाचं नाव इथे छापायचं नाही असं ठरलं, तेही त्यांनी कुरकुरतच मान्य केलं. मग हवालदारांचंही नाव गाळलं.

त्यांना व्हायचं होतं पेंटर. नाटकाचे पडदे रंगवणारा पेंटर. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर धान कापून झालं की गावोगाव मंडई भरते. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, आणि नाटक पहाटेपर्यंत. पूर्वी गावातलीच पोरं नाटक बसवायची, नट्या तेवढ्या बाहेरून यायच्या. पडदे भाड्याने आणायचे: दरबार, जंगल, रस्ता, गरिबाची झोपडी. असे पडदे रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्या पेंटरच्या हाताखाली हवालदार शाळेच्या वयात सरस उकळायला बसत. पातेल्यात सरस विरघळला की त्यात खडूची पूड आणि कोरडा रंग कालवायचा. सरस कमी पडला तर रंग हाताला येतो, जास्त झाला तर पडदा गुंडाळताना तडकतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षा ते पास होते. पुढे नागपूरला एटीडी ही कलाशिक्षक पदविका करायची, कुठेतरी चित्रकला शिक्षक म्हणून लागायचं आणि हंगामात पडदे रंगवायचे, असा बेत होता.

  पण त्याआधीच कामठीच्या लष्करभरतीत पोरगा छातीत बसला, धावला, निघाला. घरात त्याला कुणी काही विचारलं नाही. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्रही कामठीलाच, त्यामुळे प्रशिक्षणाला घरापासून फार लांब जावं लागलं नाही. गावाने मात्र त्याला त्याच दिवशी चित्रांतून वजा केलं. मास्तर म्हणाले, बरं झालं गा, रंगाने पोट भरते का? हे वाक्य हवालदार अजून त्याच सुरात म्हणून दाखवतात.

लष्करात ब्रश सुटला, असं कुणी म्हटलं की ते चिडतात. हल्ल्याआधी भूभाग समजावून सांगायला जमिनीवर सँड मॉडेल करतात. वाळूचे डोंगर, निळ्या भुकटीची नदी, रंगीत फितीचे रस्ते. ते काम पलटणीत हमखास त्यांच्याकडे यायचं. बडा खाना या पलटणीच्या मेजवानीच्या रंगमंचाचा मागचा पडदा, फाटकावरचं चिन्ह, गाड्यांवरचे आकडे हेही तेच रंगवायचे. या कामाची नोंद कुठे होत नाही, ही त्यांची एक तक्रार.

दुसरी तक्रार जास्त खरी आहे. फौजेत कलेला दार आहे, हे त्यांना भरतीआधी कुणी सांगितलं नाही. पलटणीच्या बँडसाठी वादक घेतले जातात, त्यांना शिकवायला पचमढीला मिलिटरी म्युझिक विंग आहे, आणि २९ जानेवारीला दिल्लीत बीटिंग रिट्रीटला वाजवणारे हे फौजीच असतात. गावातला त्यांचा एक फौजी मित्र दंडार या लोकनाट्यात उत्तम ढोलकी वाजवायचा. तो शेवटपर्यंत रायफल घेऊनच पहारा देत राहिला. अधिकाऱ्यांचं वेगळं. मनोहर माळगावकर मराठा लाइट इन्फन्ट्रीत लेफ्टनंट कर्नल होते, बाहेर पडून कादंबरीकार झाले, जगाने वाचलं. हवालदाराच्या पोतडीत काय आहे हे कोण उघडून बघतो, असं ते म्हणतात. यात थोडा कडवटपणा आहे, पण पूर्ण खोटंही नाही.

ते निवृत्त होऊन आले तेव्हा रंगभूमीच बदललेली होती. गावातल्या पोरांच्या जागी वडशाच्या व्यावसायिक कंपन्या आल्या होत्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, आणि पटासोबत होणाऱ्या नाटकांनाही त्याचा फटका बसला. मग करोनात हंगामच बुडाला. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि कंपन्यांनी पुन्हा तारखा घ्यायला सुरुवात केली. मालक घरी आला तो याच सुमाराला. भाऊ, तुमचे पडदे, माझ्या तारखा, निम्मी भागीदारी. पेन्शनचा काही भाग कम्यूट करून, म्हणजे आगाऊ एकरकमी घेऊन, हाती आलेली रक्कम हवालदारांनी त्याच्या हवाली केली. कागद झाला नाही, कारण मालक दूरच्या नात्यातला.

अंगणात कापड ताणून त्यांनी दरबार रंगवला. खांबांची नक्षी, झिरमिळ्या, मागे खिडकीतून दिसणारा किल्ला. जुन्याच प्रमाणाचा सरस. प्रयोगाच्या दिवशी ते वडशाला पोचले तेव्हा कंपनीचा टेम्पो भरून तयार होता. ऑर्गन, ऑक्टोपॅड, स्पीकर, आणि या सगळ्यावर पाऊस-धुळीपासून झाकायला टाकलेला, नायलॉनच्या दोरीने आवळलेला दरबार. रंगाची बाजू वर. दोरीखाली सिंहासनाचा रंग खरडून कापड पांढरं दिसत होतं. रंगमंचावर लावायला फ्लेक्सवर छापलेला महाल होता, कुठल्यातरी हिंदी मालिकेतला. आणि पोस्टरवर, नायिकेच्या खांद्याजवळ, हवालदारांचा वर्दीतला फोटो: देशाचे वीर जवान प्रमुख भूमिकेत. त्यांची भूमिका होती शेवटच्या अंकात येऊन सॅल्यूट ठोकण्याची.

त्यांनी विचारलं तेव्हा मालक हसला. पडदे कोण बघते भाऊ, लोक फौजी बघाले येते. पैशाचं विचारलं तेव्हा हसणंही थांबलं.

नाना पाटेकर जे. जे.मध्ये उपयोजित कला शिकले, लष्करी प्रशिक्षण घेतलं, ‘प्रहार’ (१९९१) दिग्दर्शित केला, कारगिलच्या वेळी आघाडीवर जाऊन आले. कलावंताने वर्दी घातली की टाळ्या. वर्दीवाल्याने ब्रश धरला की त्याला पोस्टरवर चिकटवायचं. हवालदारांचा हा हिशेब काहीसा एकतर्फी आहे, पण तो टेम्पो पाहिल्यावर वाद घालवत नाही.

गावात भरतीची तयारी करणारी पोरं त्यांच्याकडे येतात, तेव्हा ते न विचारता सल्ले देतात. काही नेहमीचेच: व्यायाम करा, आईबापाचं ऐका पण हातातली कला सोडू नका. काही मात्र पदरमोड करून मिळालेले. वाजवता येत असेल तर भरती कार्यालयात वादकांच्या जागा कधी निघतात ते आधी विचारा. अग्निवीर होणाऱ्याला चार वर्षांनी सुमारे ११.७१ लाख सेवानिधी मिळतो, पेन्शन नाही, आणि कायम होतात जास्तीत जास्त २५ टक्के. ही रक्कम गावात सगळ्यांना ठाऊक असते, तेव्हा घरी येऊन चहा पिणाऱ्या भागीदाराला कागदाशिवाय उत्तर देऊ नका. नाटक कंपनीत पैसा घालायचाच तर नाटक बोलावणाऱ्या गावच्या मंडळांनी दिलेल्या इसाराची आणि तारखांची वही स्वतः बघा. भागीदारीपत्र स्टॅम्प पेपरवर करा, बँक खातं दोघांच्या सहीचं ठेवा. फोटो कसा वापरणार हेही त्यातच लिहून घ्या. पेन्शनचा निम्म्यापर्यंत भाग कम्यूट करता येतो, पण त्यापोटी दरमहा होणारी कपात पंधरा वर्षं चालते, हे सही करण्याआधी बायकोला सांगा.

आणि सरकारच्या ज्येष्ठ कलावंत मानधनामागे धावू नका. पन्नाशी आणि पंधरा वर्षांचं कलाकार्य या अटी पुऱ्या झाल्या तरी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला साठ हजार. फौजी पेन्शनवाला दारातच अडतो. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळी झाडीपट्टी नाचली, हवालदारही नाचले. पडदेवाल्यांची आठवण मात्र त्या दिवशीही कुणी काढली नाही, असं ते लगेच जोडतात.

यंदाच्या हंगामासाठी मालकाचा निरोप आला आहे: नव्या नाटकाच्या उद्घाटनाला या, मेडल लावून या. हवालदारांनी उलट निरोप धाडला की आधी मागच्या हंगामाची वही पाठव. वही अजून आलेली नाही.