बापाला भेटायला कोर्ट कशाला?

प्रश्न : आमच्या शेजारी सात वर्षांची एक मुलगी आहे. तिचे आईवडील वेगळे राहतात. महिन्यातून दोनदा आई तिला कौटुंबिक न्यायालयात घेऊन जाते आणि तिथल्या एका खोलीत ती वडिलांना भेटते. स्वतःच्या बापाला भेटायला कोर्ट कशाला लागतं? आणि माणूस धोक्याचा असेल, तर मुळात भेट द्यायचीच कशाला?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचं उत्तर शोधताना एक गोष्ट आधी पक्की धरायला हवी : भेटीचा हक्क सर्वांत आधी मुलाचा असतो, मग आईचा किंवा वडिलांचा. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं कलम ९ हेच सांगतं. आईवडिलांपासून दुरावलेल्या मुलाला दोघांनाही नियमित भेटता आलं पाहिजे. मात्र ती भेट त्याच्या हिताविरुद्ध असता कामा नये. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. मुलाचा ताबा ठरवताना त्याचं कल्याण सर्वोच्च मानायचं, हे आपल्या १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातही आहे. मुलं म्हणजे आईबापाच्या मालकीच्या वस्तू नव्हेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच रोझी जेकब खटल्यात बजावलं होतं.

आता कोर्टातली खोली. घरं मोडतात तेव्हा आईवडिलांमधला राग इतका ताजा असतो की दारात भेट ठेवली तर दारातच भांडण होतं. कधी एकाला भीती असते की समोरचा मुलाला घेऊन गेला तर परत आणणारच नाही. अशा वेळी न्यायालयाचं आवार ही दोघांनाही मान्य होणारी जागा ठरते. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने या न्यायालयांना समुपदेशकांची जोड दिली. जिथे मुलांसाठी वेगळी खोली आहे, तिथे खेळणी, चित्रांची पुस्तकं, बसायला सतरंजी असते आणि कोणीतरी जबाबदार माणूस नजर ठेवून असतो. आई मूल सोपवते आणि बाहेर थांबते. वेळ संपली की मूल तिच्याकडे परत येतं. त्यामुळे नवराबायकोला एकमेकांशी बोलावंही लागत नाही.

आतली भेट बाहेरून वाटते तितकी नाट्यमय नसते. बरेचदा मूल आधी वडिलांकडे बघतही नाही, खाली मान घालून गाडी फिरवत बसतं. जाणता बाप तेव्हा ‘मला विसरलीस का?’ असं विचारत नाही. तोही खाली बसतो, दुसरी गाडी हातात घेतो आणि वाट पाहतो. मग मूल आपणहून शाळेतलं काहीतरी सांगायला लागतं. ‘आई माझ्याबद्दल काय म्हणते? घरी कोण कोण येतं?’ अशी चौकशी सुरू झाली की मात्र ते पुन्हा मिटतं. अशा वेळी समुपदेशकाने मध्ये पडून विषय बदलायचा असतो.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे. दोघांचं पटत नाही, ही एक गोष्ट. घरात मारहाण, धमक्या किंवा मुलावर अत्याचार झालेला असणं, ही अगदी वेगळी गोष्ट. दोन्हींना एकच माप लावलं तर मुलाचा घात होतो. म्हणूनच २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ मध्ये दोन्ही वाटा ठेवल्या आहेत. दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा पीडित स्त्रीला देऊ शकतात आणि समोरच्याच्या भेटीची व्यवस्थाही ठरवू शकतात; पण भेट मुलाच्या हिताला बाधक ठरेल असं त्यांचं मत झालं, तर भेट नाकारणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ‘काही झालं तरी बाप आहे,’ एवढ्यावर भेट द्यावी असं कायदा म्हणत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये बरीच जागा आहे. देखरेखीखाली अर्धा-एक तास भेट, ती सुरळीत झाली तर पुढे बागेत किंवा आजीआजोबांच्या घरी, मग दिवसभर, मग सुट्टीत मुक्काम, अशी पायरी-पायरीने वाट काढता येते. एखाद्या पायरीवर मूल घाबरलं, तर मागे येता येतं. नोकरीसाठी एक पालक पुण्यात आणि दुसरा अमेरिकेत, अशी उदाहरणंही आता आपल्याकडे सापडतात. त्यांच्यासाठी २०२० चा यशिता साहू खटल्यातला निकाल महत्त्वाचा आहे. ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला, विशेष कारण नसेल तर, मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता यावं, त्यासाठी व्हिडिओ कॉल वापरावा, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं आहे.

मूल भेटीला नकार देतं तेव्हा मोठी माणसं घाईने निष्कर्ष काढतात. वडील म्हणतात, आईने पढवलं. आई म्हणते, बघा, त्याला बाप नकोच आहे. दोन्ही खरं असू शकतं, दोन्ही खोटंही. कधी मुलाला फक्त त्या दिवशीची क्रिकेटची मॅच बुडवायची नसते. कधी ते खरोखर भेदरलेलं असतं. भेटीआधी पोट दुखणं, रात्री दचकून उठणं असं वारंवार होत असेल, तर मुलाला ओढत नेऊ नये आणि परस्पर भेटही बंद करू नये. समुपदेशकाला सांगावं, न्यायालयापुढे अर्ज करावा. पोटगीचंही तसंच. पोटगी थकली म्हणून भेट अडवणं आणि भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवणं, दोन्ही चूक. त्यांच्यासाठी स्वतंत्र दाद मागता येते. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. मूल संकटात असेल तर १०९८ आणि स्त्रीला मदत हवी असेल तर १८१ हे क्रमांक आहेत.

शेवटी तुमच्याबद्दल, म्हणजे शेजारीपाजारी, मावश्या, काका आणि शिक्षक यांच्याबद्दल. ‘तुला आई जास्त आवडते की बाबा?’ हा प्रश्न त्या मुलीला कोणीही, गमतीतसुद्धा विचारू नका. ‘कोर्टात काय झालं?’ असंही विचारू नका. तिच्यासमोर तिच्या आईला किंवा वडिलांना नावं ठेवू नका. ती आपणहून काही सांगायला आली, तर शांतपणे ऐका. आणि कोणी मारल्याचं, नको तिथे हात लावल्याचं तिच्या तोंडून आलं, तर ‘मोठ्यांच्या भानगडीत आपण कशाला पडा’ म्हणून गप्प बसू नका. तिच्या आईला सांगा किंवा १०९८ ला फोन करा. आईवडिलांचा संसार कोणाला जोडता आला नाही, तरी त्या मुलीचं बालपण सांभाळणं आपल्या सगळ्यांच्या हातात आहे.