बाराशें किलोमीटर, नव्वद तास

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गाला एक सोपें उदाहरण घातलें होतें. बाराशें किलोमीटरचें अंतर नव्वद तासांत काटावयाचें, तर दर तासाचा वेग किती असावा? उत्तर आलें तेरा पूर्णांक एक तृतीयांश किलोमीटर. वर्गांत हंशा पिकला. "सर, या वेगानें तर माझा धाकटा भाऊ शाळेंत येतो," असें मागच्या बाकावरून कोणी म्हणालें.

तें उदाहरण काल्पनिक नव्हतें. फ्रान्स देशांत पॅरिसजवळून निघून, पश्चिम किनाऱ्यावरील ब्रेस्ट बंदरास शिवून परत येण्याची जी प्रसिद्ध सायकल-यात्रा आहे, तिचा हा नियम आहे. २०१९ सालीं तींत भाग घेण्यासाठीं भारतांतून शेंकडों सायकलस्वार गेले. त्यांत महाराष्ट्रांतील मंडळीहि होती. दोनशें, तीनशें, चारशें आणि सहाशें किलोमीटरच्या चारहि परीक्षा ठराविक वेळांत उतरल्यावांचून तेथें नांव नोंदवितां येत नाहीं, म्हणजे हे सारे कसलेले लोक होते. तथापि त्यांतील बहुसंख्य वेळेंत परत पोंचूं शकले नाहींत. ज्या वेगाला नववीचा वर्ग हंसला, तो वेग चार दिवस राखणें इतकें कठीण कां व्हावें, आणि त्यासाठीं तयारी कशी करावी, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

प्रथम थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १८९१ सालीं 'ल पेती झुर्नाल' या वृत्तपत्राचे पिएर जिफार यांनीं ही शर्यत पहिल्यानें भरविली. हवेनें भरलेलें रबरी टायर तेव्हां अगदीं नवें होतें, आणि तें दूरवर टिकतें कीं नाहीं याविषयीं लोकांस शंका होती. शार्ल तेराँ हा स्वार अशाच टायरांवर ७१ तास २२ मिनिटांत पहिला आला. त्याचा प्रतिस्पर्धी झील-लावाल हा आघाडीवर होता. परंतु परतीच्या वाटेवर तो झोंपला असतां तेराँ पुढें निघून गेला. १९३१ पासून धंदेवाईक शर्यतीच्या जोडीला हौशी स्वारांसाठीं निराळी यात्रा सुरू झाली, आणि आज टिकून आहे ती हीच. ती चार वर्षांनीं एकदां भरते. २०२३ सालीं भरली, यापुढची २०२७ सालीं. तींत पहिला-दुसरा असा क्रमांक नाहीं, बक्षीस नाहीं. हातांत एक पुस्तिका असते; वाटेंतील ठाण्यांवर तींत शिक्का उठवून घ्यावयाचा आणि मुदतींत परत यावयाचें, एवढेंच. (या यात्रेच्या नांवाची एक मिठाईहि फ्रान्समध्यें आहे, १९१० पासून ती सायकलच्या चाकासारखी वाटोळी करितात. कित्येक विद्यार्थ्यांच्या स्मरणांत या लेखांतील तेवढेंच राहील, हें आम्ही जाणून आहों.)

आतां भूगोलाकडे वळूं. या मार्गावर आपल्या सह्याद्रीसारखा एकहि घाट नाहीं. ब्रिटनी प्रांतांतील रोक-त्रेवेझेल ही टेकडी त्या वाटेवर फार उंच समजली जाते, पण तिची उंची चारशें मीटरहि नाहीं. आपलें पुणें शहर समुद्रसपाटीपासून याहून उंच वसलें आहे. परंतु रस्ता एकसारखा खालींवर होत असतो. अर्ध्या-एक किलोमीटरचा चढ, तितकाच उतार, लगेच दुसरा चढ, असें बाराशें किलोमीटर चालतें. साऱ्या चढांची बेरीज केली तर ती सुमारें बारा हजार मीटर भरते. वाईहून पसरणीच्या घाटानें पांचगणीस जातांना पावणेसहाशें मीटरांच्या आसपास चढ लागतो. तसे वीस-एकवीस घाट चार दिवसांत चढावयाचे, आणि तेहि तुकड्या-तुकड्यांनीं.

"पण चढ तितकाच उतार, मग हिशेब फिटला!" असें कोणी म्हणेल. तो फिटत नाहीं, आणि येथें गणितच आपल्या कामीं येतें. एक किलोमीटरचा चढ ताशीं दहाच्या वेगानें चढला, तर सहा मिनिटें लागतात. तेवढाच उतार ताशीं चाळीसनें उतरला, तर दीड मिनिट. दहा आणि चाळीस यांची सरासरी पंचवीस, असें उतावळा विद्यार्थी सांगतो. वास्तविक दोन किलोमीटरांस साडेसात मिनिटें लागलीं, म्हणजे वेग ताशीं सोळाच झाला. चढावर गेलेला वेळ उतार कधींच परत देत नाहीं. शिवाय उतारावर ब्रेक लावला कीं चढतांना कमावलेली शक्ति उष्णता होऊन निघून जाते. न लावला तर ती वाऱ्याशीं झगडण्यांत खर्च होते. सपाट, रुंद हमरस्त्यावर दिवसभर एका लयींत पाय फिरविण्याची ज्यास संवय आहे, त्यास ही अखंड चढउताराची भूमि नकळत थकविते. त्यांतच २०१९ सालीं ब्रेस्टकडे जातांना वारा तोंडावर होता आणि रात्रीं कडाक्याची थंडी पडली. उकाड्यांत तयार झालेल्या आपल्या लोकांस ती फार जाचली.

यावरून तयारीचें पहिलें सूत्र निघतें. सराव करावयाचा तो नुसत्या अंतराचा नव्हे, तर चढांचा करावा. आणि चढ जिंकण्याचा नव्हे, तर चढ संपल्यावरहि अंगांत बळ शिल्लक ठेवण्याचा. छोटी टेकडी समोर आली कीं तरुणाला ती एका दमांत मारावीशी वाटते. तशा पन्नास टेकड्या मारतां येतात, पांचशें येत नाहींत.

याचें कारण शरीरशास्त्रांत आहे. आपल्या स्नायूंत व यकृतांत सांठविलेल्या साखरेपासून साधारणतः दोन हजार किलोकॅलरींच्या आंतबाहेर शक्ति मिळते. चरबींतील सांठा मात्र मोठा. कृश माणसाच्या अंगांतहि तो तीस-चाळीस हजारांचा असतो. पाय सावकाश चालत असतां शरीर बराच खर्च चरबींतून भागवितें. दम लागेपर्यंत जोर केला कीं तें साखरेवर हात टाकितें, आणि तो लहान सांठा झपाट्यानें आटतो. आतां खर्चाचा अंदाज पहा. स्वार, सायकल व सामान मिळून ८५ किलो वजन बारा हजार मीटर उंच नेण्यास सुमारें एक कोटी ज्यूल कार्य करावें लागतें. स्नायू अन्नाच्या शक्तीचा चौथा-पांचवा हिस्साच कामीं लावूं शकतात, बाकीची उष्णता होते. म्हणजे केवळ चढांसाठीं दहा हजार किलोकॅलरींच्या वर अन्न लागेल. तें तीन किलो ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्यांइतकें झालें. वारा, रस्त्याचें घर्षण आणि चार दिवस जगण्याचा नित्य खर्च निराळाच. इतकें अन्न एकदम पोटांत जात नाहीं. तासास साधारण साठ ग्रॅम साखर आंतड्यांतून सुखानें शोषली जाते, म्हणून दर अर्ध्या तासानें थोडें थोडें खात राहणें हेंहि एक कसब आहे, आणि तेंहि पायांप्रमाणेंच सरावानें येतें. केळें, गुळाची चिक्की, राजगिऱ्याची वडी, जें ज्याला मानवेल तें. पण नवा पदार्थ त्या दिवशीं प्रथम खाऊन पाहूं नये. पाण्याचेंहि तसेंच आहे: तहानेहून फार अधिक नुसतें पाणी पीत राहिल्यास रक्तांतील मीठ पातळ होऊन जिवावर बेततें, म्हणून मीठ अवश्य जवळ ठेवावें.

हें सारें पुस्तकांत वाचलेलें असूनहि प्रस्तुत लेखकास तें अनुभवानेंच पटलें. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं तीनशें किलोमीटरची परीक्षा देऊन पाहिली. तिची मुदत वीस तासांची असते. पहिल्याच घाटांत दोन तरुण पुढें गेले, तें पाहून वय विसरलों आणि त्यांच्या मागें लागलों. घाटमाथ्यावर त्यांना गांठलें याचा मोठा अभिमान वाटला. भूक नव्हती म्हणून दुपारपर्यंत कांहीं खाल्लें नाहीं. संध्याकाळीं, दोनशें किलोमीटर ओलांडल्यावर, एका पुलाचा क्षुल्लक चढ समोर आला आणि तेथें पाय अक्षरशः थांबले. दुखत नव्हते, पण हुकूम मानीनात. हात थरथरूं लागले, डोळ्यांसमोर अंधारी आली. मोरीवर बसून राहिलों. जवळच्या ढाब्यावरील म्हाताऱ्या मालकानें काय झालें हें न विचारतां भरपूर साखरेचा चहा आणि पाव पुढें ठेवला. अर्ध्या तासानें चालूं लागलों, परंतु शेवटच्या ठाण्यावर पोंचेपर्यंत वीस तास आणि चाळीस मिनिटें झालीं होतीं. तेवढा एक शिक्का नसलेली ती पुस्तिका अजून आमच्या टेबलाच्या खणांत आहे.

सायकलविषयीं थोडक्यांत. आपल्याकडील साध्या सायकलीस पुढें सामान्यतः ४४ दांते व मागें १८ असतात. पायडलाच्या एका फेऱ्यांत ती पांच मीटरांहून अधिक पुढें जाते. मिनिटास साठ फेरे धरले तर हा वेग ताशीं एकोणीस किलोमीटरांचा झाला, आणि चढावर तो झेपत नाहीं. म्हणून आपण उभे राहून रेटतों आणि गुडघे दुखवून घेतों. पुढें ३४ व मागें ३२ दांते असतील तर एका फेऱ्यांत सव्वादोन मीटरच जावयाचें, परंतु तेच साठ फेरे बसल्या बसल्या घालतां येतात. हलका गिअर लावण्यांत कमीपणा मानूं नये. सीटची उंची व हॅण्डलाची पकड अशी ठेवावी कीं तळहातावर भार पडून बोटें बधिर होणार नाहींत. चार दिवसांत मान आणि हात हेच पायांच्या आधीं तक्रार करितात.

सरावाचा क्रम त्या चार परीक्षांनींच आंखून दिला आहे. दोनशें किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशें वीस तासांत, चारशें सत्तावीस तासांत आणि सहाशें चाळीस तासांत पुरीं करावीं लागतात. पहिली दिवसाउजेडीं आटोपते, तिसरींत रात्र येते, चौथींत झोंपेचा प्रश्न उभा राहतो. दोन मोठ्या फेऱ्यांच्या मध्यें विश्रांतीचे दिवस हवेत, कारण स्नायू बळकट होतात ते श्रमाच्या वेळीं नव्हे, श्रमानंतर. नोकरीच्या माणसास आठवड्यांत दोन छोट्या फेऱ्या आणि रविवारीं एक लांब, घाटाची फेरी एवढें साधलें तरी पुष्कळ. पावसांत, थंडींत, अंधारांत मुद्दाम जाऊन पहावें.

आतां झोंप. नव्वद तासांच्या मुदतीचे लोक रविवारीं सायंकाळीं सुटतात, म्हणजे दिवसभर जागल्यावर लागलीच पहिली रात्र. ठाण्यांवर खाटा मिळतात, पण वेळ कोठून आणावयाचा? याचा जमाखर्च आम्हीं त्याच नववीच्या वर्गाकडून मांडून घेतला. चढउतारांच्या रस्त्यावर चाकें फिरत असतांनाचा वेग ताशीं अठरा धरला, तर ६६ तास ४० मिनिटें जातात. उरले २३ तास २० मिनिटें. ठाण्यांवर व इतरत्र मिळून चौदा थांबे, प्रत्येकीं पाऊण तास, म्हणजे साडेदहा तास. तीन रात्री तीन-तीन तास झोंप, म्हणजे नऊ. शिल्लक राहिले ३ तास ५० मिनिटें. पंक्चर, वारा, चुकलेली वाट, सारें एवढ्यांत. मग एका मुलीनें आपण होऊन वेग अठराच्या ऐवजीं सतरा धरून पाहिला. ३ तास ५५ मिनिटें अधिक लागलीं. ताशीं एका किलोमीटरनें सारी शिल्लक खाल्ली, वर पांच मिनिटें कर्ज झालें!

आणि कर्ज फेडण्यास हाताशीं दोनच गोष्टी असतात, थांबे आणि झोंप. थांब्यांत दिरंगाई न करणें हें शिकतां येतें: ठाण्यावर शिरण्यापूर्वींच काय करावयाचें तें ठरवावें, आधीं शिक्का, मग अन्न, मग पाणी, आणि उठावें. झोंप कापणें मात्र घातक आहे. दोन रात्री जागलेल्या माणसास रस्त्याकडेचीं झाडें माणसांसारखीं दिसूं लागतात, आणि डोळे उघडे असतांना क्षणभर झोंप लागते. त्या क्षणांत सायकल कित्येक मीटर पुढें गेलेली असते.

पालकांस काळजी वाटते ती येथेंच, आणि ती रास्त आहे. या यात्रांत अठरा वर्षांखालील कोणास घेत नाहींत. रात्रीं पुढेंमागें दिवे व प्रकाश परतविणारें जाकीट सक्तीचें असतें. परंतु आपण कोठें थांबावें हा निर्णय स्वाराचा स्वतःचाच असतो, आणि तो घरीं, शुद्धींत असतांना आधीं ठरवून ठेवावा लागतो. तिसऱ्या रात्रीं डोक्यास तें काम होत नाहीं. आमच्या परिचयाच्या एका माजी विद्यार्थ्यानें आपला नियम असा केला आहे: सतरा आणि सहा यांचा गुणाकार दोनदां चुकला, कीं सायकल भिंतीला टेकून वीस मिनिटें निजावयाचें, उठून पुन्हां चुकला, तर घरीं फोन करावयाचा. गेल्या हिंवाळ्यांत सहाशेंच्या परीक्षेंत त्यानें पहाटे तीन वाजतां असा फोन केला. उरलें होतें केवळ सत्तर किलोमीटर. त्याचे वडील मोटार घेऊन गेले. यंदा तो पुन्हां बसणार आहे.

जीं मुलें अजून अठरा वर्षांचीं नाहींत, त्यांनीं एवढेंच करावें: सुटीच्या दिवशीं वडीलधाऱ्या मंडळींबरोबर चाळीस किलोमीटर जावें, वाटेंत एक तरी मोठा चढ असावा. निघालों केव्हां, काय खाल्लें, चढावर किती वेळ लागला, उतारावर किती, हें वहींत लिहून आणावें. दिवाळीच्या सुटीनंतर त्या वह्या वर्गांत पाहण्यांत येतील.