केंद्राच्या कार्यकारिणीत कलावंत हवेत का?

प्रश्न : घनसावंगी तालुक्यात आम्ही लोककला केंद्राची संस्था काढतो आहोत. गोंधळी, भारूडकार यांना कार्यकारिणीत घ्यावं, की नुसतं सल्लागार ठेवावं?

उत्तर : कार्यकारिणीतच घ्या. सल्लागाराला मत नसतं. त्याचं नाव पत्रिकेवर छापतात आणि हार घालतात, एवढंच. 1860च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार संस्थेला किमान 7 सभासद लागतात. त्यांतले दोघे-तिघे प्रत्यक्ष संबळ वाजवणारे, भारूड सादर करणारे असू द्या. गावपुढारी एखादा पुरे. खरी अडचण मानधनाची येते. सभासद कलावंताला कार्यक्रमाचे पैसे द्यायचे, तर घटनेत तशी तरतूद हवी, आणि त्या ठरावावर त्याने मत देऊ नये. बिदागी हातोहात देऊ नका, पावती घ्या. लेखापरीक्षक तीच मागतो. पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. बहुतेक संस्था इथेच अडकतात, आणि मग वाद निघाला की अधिकृत कार्यकारिणी कोणती, हेच ठरत नाही. कुणी जागा दान दिली, तर पुढे ती धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही, हे दात्यालाही सांगा.