एक वीत, दीड मूठ: छोटा मॅगेलनी मेघ शोधण्याची कृती

छोटा मॅगेलनी मेघ पुण्या-मुंबईच्या क्षितिजावर कधी उगवतच नाही. गोव्यात उगवतो तो नावापुरता, क्षितिजाच्या धुरकटपणात दिसतही नाही. कन्याकुमारीहूनही तो फार तर नऊ अंश वर येतो. त्यामुळे ही कृती मुख्यतः विषुववृत्तापलीकडे राहणाऱ्यांसाठी आहे: सिडनी, मेलबर्न, ऑकलंड, मॉरिशस इथले मराठी लोक आणि मुलानातवंडांकडे दोन-चार महिने राहायला जाणारे आई-बाबा. तिथे समुद्रकिनारे, बागा, बाजार सगळं बघून होतं आणि डोक्यावरची ही गोष्ट तेवढी राहून जाते, याची मला खरोखर हळहळ वाटते.

बघायचं आहे ते काय, हे आधी सांगतो. आपल्या आकाशगंगेच्या शेजारची ही एक बटू दीर्घिका. रेखीव चक्र नाही, भुजा नाहीत, म्हणून ती अनियमित. अंतर सुमारे २ लाख प्रकाशवर्षं. ती मोठ्या मॅगेलनी मेघाच्या जोडीने फिरते. दोघांच्या मध्ये वायूचा एक पूल पसरलेला आहे; एकमेकांजवळून जाताना त्यांनी परस्परांना ओरबाडल्याची ती खूण.

साहित्य थोडंच लागतं. १० बाय ५० किंवा ७ बाय ५० ची बायनॉक्युलर, लाल जिलेटीन कागद गुंडाळलेला टॉर्च, जमिनीवर टाकायला सतरंजी, स्वेटर आणि पंचांग. पंचांग अमावास्येसाठी. चंद्र असेल त्या रात्री जाऊच नका, मेघ चांदण्यात विरून जातो. आणि योग असा की दिवाळीतल्या लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला रात्री दहा ते बाराच्या दरम्यान हा मेघ दक्षिण गोलार्धात आपल्या सर्वांत उंच जागी असतो. ती हुकली तर पुढच्या दोन अमावास्याही चांगल्या. तेव्हा तासाभराने सुरुवात लवकर करा.

शहरातून तास-दीड तास गाडीने बाहेर पडा. दक्षिणेला मोठं शहर नसेल अशी जागा हवी, कारण बघायचं त्याच बाजूला आहे. पोचल्यावर अर्धा तास काही करू नका. मोबाइल खिशात ठेवा; एकदा जरी पडद्याकडे पाहिलंत तरी डोळ्यांना अंधाराची झालेली सवय मोडते.

आता दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. डावीकडे, आग्नेयेला खालच्या बाजूला अगस्त्य दिसेल. ओळख पटायला वेळ लागणार नाही, फेब्रुवारीत आपल्याकडे संध्याकाळी दक्षिणेला खाली चमकतो तोच हा. त्याच्यापासून उजवीकडे वर, हात लांब करून दोन वितींवर, तितकाच एकटा वाटणारा तेजस्वी तारा म्हणजे अग्रनद. पसरलेल्या हाताची वीत आकाशात साधारण २० अंश मोजते, मूठ १० अंश. लहानमोठ्या सगळ्यांना हे माप चालतं, कारण ज्याचा हात लहान त्याची वीतही लहान. अग्रनदापासून दक्षिण क्षितिजाच्या दिशेने, किंचित उजवीकडे झुकत दीड मूठ खाली या. तिथे धूसर पांढरा डाग दिसेल. त्याच्यापासून एक वीत डावीकडे, जरा खाली, दुसरा मोठा डाग. हे दोन्ही मेघ.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला हटकून वाटतं की हा ढगच आहे. दहा मिनिटं थांबा. ढग सरकतो, विरतो. हा ताऱ्यांच्या संदर्भात जागचा हलत नाही. थेट पाहून दिसत नसेल तर नजर थोडी बाजूला ठेवा, कडेच्या नजरेला फिकट प्रकाश जास्त कळतो.

मग बायनॉक्युलर लावा. कोपर गाडीच्या टपावर टेकवा, नाहीतर सगळं थरथरतं. मेघ एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे निमुळता दिसेल. त्याच्या केंद्रापासून दीड-दोन बोटं उजवीकडे एक गोल, दाट, पिठूळ ठिपका आहे: ४७ टुकानी. तो मेघाचा भाग नाही. तो आपल्याच आकाशगंगेतला गोलाकार तारकागुच्छ, सुमारे १५ हजार प्रकाशवर्षांवरचा. एकाच नजरेत अलीकडचा गुच्छ आणि त्याच्या तेरापट लांबची दीर्घिका! इथे घाई करू नका. दोन्हींवर आळीपाळीने नजर फिरवत राहा.

हे बघताना हेन्रिएटा लेव्हिट आठवावी. हार्वर्ड वेधशाळेत बसून तिने पेरूमधल्या आरेकिपाहून आलेल्या काचेच्या छायापट्ट्यांवर दोन्ही मेघांतले १,७७७ चल तारे शोधले आणि १९०८ मध्ये त्यांची यादी छापली. १९१२ मध्ये छोट्या मेघातल्या २५ ताऱ्यांवरून नियम मांडला: ज्याची तेजस्विता कमीजास्त व्हायला जास्त दिवस लागतात, तो मुळातच जास्त तेजस्वी. हे इथेच का कळलं? घाटातून रात्री दूरच्या गावाचे दिवे बघा. सगळे जवळपास सारख्याच अंतरावर, म्हणून जो मोठा दिसतो तो खरोखर मोठा. मेघातल्या ताऱ्यांचं तसंच. त्याच नियमाच्या आधारे हबलने पुढे १९२० च्या दशकात दाखवलं की देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेबाहेर आहे. विश्वाची मोजपट्टी या डागात सापडली.

शेवटी वहीत तारीख, वेळ, जागा लिहा आणि मेघाचा आकार पेन्सिलीने काढा. वाकडातिकडा आला तरी चालेल. फोटो हवाच असेल तर मोबाइल स्टँडवर लावून रात्रीच्या मोडमध्ये काढा, पण तो सगळ्यांत शेवटी.

येत्या दिवाळीत तिकडे असाल, तर लक्ष्मीपूजन आणि फराळ आटोपल्यावर घरातल्या मुलांना सोबत घेऊन एवढं नक्की बघून या.