सावली नंतर, आधी मूळ

दारात सावलीला काय लावू, असं विचारत येणारे बहुतेक जण नर्सरीतला आठ-दहा फुटी गुलमोहर उचलून मोकळे होतात. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. ताशी ११०-१२० किलोमीटरच्या वाऱ्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांतल्या पोफळी मधोमध मोडल्या, जुने आंबे मुळांसकट आडवे झाले. तेव्हापासून मी आधी मुळाचंच विचारतो.

थंड मुलुखात अशा जागी ओक लावतात. आपल्याकडे ओक भेटायचे ते आडनावात! त्या तोडीचं आपलं झाड म्हणजे उंडी. तिची जाड, तुकतुकीत पानं खारा वारा सोसतात, पुळणीतही ती रुजते आणि बारा महिने हिरवी राहते. बियांचं कडू तेल पूर्वी दिव्यात जळे, होड्यांच्या लाकडाला लागे. खोट एकच, वाढ धिमी. खाट टाकण्याजोग्या सावलीची पहिली काही वर्षं आशा धरू नका.

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस जमिनीत मुरले की लावणी करा. खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. जांभ्यात खणलात तर गुळगुळीत कडा पहारीने फोडा, नाहीतर मुळं कुंडीत फिरावी तशी आतल्या आत फिरत राहतात. रोप दीड-दोन फुटांचंच घ्या. पिशवीत वर्षानुवर्षं कोंडलेल्या उंच झाडाच्या तळाशी मुळांचं वेटोळं असतं, आणि पहिल्या मोठ्या वाऱ्याला तेच दगा देतं. लहान रोपातही वेटोळं दिसलं तर धारदार सुरीने कापून टाका. काठीला बांधताना गाठ सैल ठेवा. वाऱ्याने हललं की खोड जाडावतं. पुढचे दोन उन्हाळे पाणी चुकवू नका.

घरापासून वीसेक फूट लांब लावा. गोट्यांसारखी फळं टपटप पडतात, ती खायला वटवाघळं येतात, आणि कौलांवर त्यांचा उच्छाद नको. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. अंगण लहान असेल तर उंडीचा हट्ट सोडून बकुळ लावा.

आणि झाड मोठं झाल्यावर कुंपणाची भिंत घालायची वेळ आलीच, तर चर बुंध्यापासून लांब खणा. जाड मुळं आडवी आली तर ती तोडण्याऐवजी भिंतीलाच तिथे वळण द्या.