जुना रिमोट जिवंत आहे तोवर नवा शिकवून घ्या

पवनीजवळच्या एका गावात माझी मावशी राहते. जुलैत धानाची रोवणी लागली की ती दिवसभर बांधीत असते आणि रात्री आठ वाजता तिचे डोळे मिटतात. तिची मालिका लागते साडेआठला. म्हणून तिच्या मुलाने रेकॉर्डिंग होणारा सेट-टॉप बॉक्स घेऊन दिला. रात्री आपोआप साठवलेला भाग ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला घरी आली की बघायची. दिवसातला तेवढाच वेळ तिचा स्वतःचा.

मागच्या पावसाळ्यात तिचा रिमोट पाण्याच्या बादलीत पडला आणि बंद झाला. आठवडी बाजारातून १३० रुपयांचा नवा आणला. चॅनेल बदलत होते, आवाज कमी-जास्त होत होता, सगळे खूश. चार दिवसांनी तिचा फोन आला, “काहून रे बाबू, हे लाल बटन दाबलं तं काहीच होत नाही.” रेकॉर्डिंगचं बटन होतं, त्यावर लाल ठिपकाही होता, पण त्यातून बॉक्सला समजेल असा इशाराच निघत नव्हता. मग १५० रुपयांचा दुसरा आणला. त्यात लाल बटन दाबलं की भाषा बदलायची. शेवटी ४५० रुपयांचा ‘लर्निंग’, म्हणजे दुसऱ्या रिमोटकडून शिकणारा रिमोट घेतला. पण शिकवायला जुना रिमोट कुठे जिवंत होता? शेजारी त्याच कंपनीचा तसाच बॉक्स निघाला, त्यांचा रिमोट अर्धा तास मागून आणला, तेव्हा काम झालं. ४५० रुपयांच्या कामाला ७३० रुपये गेले आणि दोन आठवड्यांचे भाग गेले ते गेलेच.

भंडारा जिल्ह्यातल्या सातही तालुक्यांत घरोघरी डिशची छत्री दिसते, त्यामुळे हा प्रसंग माझ्या मावशीपुरता नाही. पैसे देण्याआधी काय बघायचं, ते इथे सांगतो. किमती साध्या दुकानांतल्या आणि ऑनलाइनच्या आहेत. दहा-वीस रुपये इकडे-तिकडे होतील.

पहिला खर्च शून्य रुपयांचा. रिमोट खरंच मेला आहे का, ते आधी बघा. रिमोटच्या टोकाच्या दिव्यातून अवरक्त किरण निघतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, मोबाइलच्या कॅमेऱ्याला दिसतात. सेल्फीचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटन दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर दिवा चालू आहे. मागच्या कॅमेऱ्यावर बऱ्याचदा हे किरण अडवणारी काच असते, म्हणून सेल्फीचाच कॅमेरा घ्या. एकाच बटनावर ठिपका येत नसेल तर त्या बटनाखालचा काळा कार्बन झिजलाय किंवा खाली तेलकट मळ बसलाय. रिमोट उघडून पट्टीवरचे ठिपके पेन्सिलच्या खोडरबरने हलक्या हाताने पुसले की निम्मी दुखणी जातात. दुरुस्तीवाला याच कामाचे ५० ते १०० रुपये घेतो. कोणत्याच बटनावर ठिपका येत नसेल तर आधी सेल बदला. साधे दोन छोटे सेल २० ते ३० रुपयांत येतात, अल्कलाइन घेतले तर दुपटीहून जास्त पडतात. पण पावसाळी दमटपणात स्वस्त सेल पाझरून रिमोटची स्प्रिंग खातात, त्यामुळे इथे मी अल्कलाइनलाच कौल देईन.

ठिपका दिसतोय आणि तरी बॉक्स ऐकत नाही, तर दोष बॉक्सच्या डोळ्यातही असू शकतो. शोकेसची काच, बॉक्सवर पडणारी उन्हाची तिरीप, समोर ठेवलेली देवाची तसबीर, एवढ्याशा गोष्टीनेही किरण अडतात. आणि बॉक्सचा रिमोट किरणांचा नसून ब्लूटूथचा असेल तर दिव्याची परीक्षा लागूच पडत नाही. इंटरनेटवर चालणाऱ्या अनेक छोट्या टीव्ही-बॉक्सांचे रिमोट असे असतात. त्यांना बाजारातला साधा युनिव्हर्सल रिमोट कधीच चालणार नाही, दुकानदार काहीही म्हणो.

आता रिमोट मेलाच असेल तर समोर चार वाटा आहेत.

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे डुप्लिकेट, १०० ते २०० रुपये. तो तुमच्याच बॉक्ससाठी बनवलेला असतो, त्यामुळे काही शिकवावं लागत नाही. नुसतं बघण्यासाठी बॉक्स असेल तर हा पुरतो. पण रेकॉर्डिंगवाल्या घराने डोळे झाकून घेऊ नये. एकाच कंपनीचे साधे आणि रेकॉर्डरचे रिमोट दिसायला जुळे भाऊ असतात. बनवणारा कारखाना साच्यात रेकॉर्डिंगचं बटन ठेवतो, पण आतली चिप साध्या बॉक्सची घालतो. मावशीच्या हाती हेच आलं होतं.

दुसरी वाट कंपनीचा ओरिजिनल रिमोट, साधारण २५० ते ४५० रुपये, मागवला तर वर घरपोच शुल्क. रेकॉर्डर जुना असेल तर मिळेल की नाही ते आधी विचारा. टाटा स्कायने आपला रेकॉर्डर, टाटा स्काय प्लस, २००८ साली आणला. त्या पिढीचे बॉक्स आजही काही घरांत चालू आहेत, पण त्यांचा रिमोट दुकानात सहज मिळत नाही. नावांचाही घोळ होतो. टाटा स्काय जानेवारी २०२२ पासून टाटा प्ले झाली, व्हिडिओकॉन डी२एच २०१८ साली डिश टीव्हीत विलीन झाली. जुन्या कोडच्या यादीत किंवा ऑनलाइन शोधताना जुनं नाव घातल्याशिवाय तुमचा बॉक्स सापडायचा नाही. डीडी फ्री डिशची गोष्ट आणखी वेगळी. ती सरकारी सेवा डिसेंबर २००४ पासून आहे, पण तिचे बॉक्स असंख्य कंपन्या बनवतात. दुकानात “फ्री डिशचा रिमोट द्या” म्हणून काहीच साधत नाही. बॉक्सच्या पोटाखालचं लेबल आणि जुन्या रिमोटची समोरून काढलेली तसबीर, दोन्ही मोबाइलमध्ये घेऊनच घराबाहेर पडा.

तिसरी वाट कोडवाला युनिव्हर्सल, १५० ते ३०० रुपये. याच्या पोटात शेकडो टीव्हींचे कोड भरलेले असतात. सेटचं बटन तीन-चार सेकंद धरायचं, लाल दिवा लागून राहिला की कागदावरचा अंकी कोड दाबायचा. टीव्हीसाठी हा उत्तम. मात्र त्याच्या यादीत आपल्याकडच्या डिशचे बॉक्स बऱ्याचदा नसतात आणि असले तरी रेकॉर्डिंगची बटनं नसतात. पाकिटावर ‘सर्व डिशसाठी’ असं लिहिलंय, एवढ्यावर विसंबून पैसे मोजू नका.

चौथी वाट लर्निंग रिमोट, ३०० ते ६०० रुपये. रेकॉर्डरवाल्या घरासाठी माझं मत स्पष्ट आहे, हाच घ्यावा, आणि जुना रिमोट धडधाकट असतानाच घ्यावा. इथे एक गोष्ट तपासा. बऱ्याच टीव्ही-डिश रिमोटांत फक्त चार-पाच बटनं शिकतात, टीव्ही चालू-बंद, आवाज आणि सोर्स. आपल्याला सगळी बटनं शिकणारा हवा. पाकिटावर किती बटनं शिकतात ते छापलेलं असतं, नसेल तर दुकानदारासमोर लाल बटन शिकवून बघा.

शिकवण्याची रीत अशी. बहुतेक रिमोटांत ती सारखीच असते, बटनाचं नाव तेवढं बदलतं. दोन्ही रिमोट टेबलावर सपाट ठेवायचे, तोंडाला तोंड, मध्ये दोन बोटांचं अंतर. खाली सतरंजी नको, रिमोट हलतात आणि धडा बिघडतो. ट्यूबलाइट किंवा एलईडी बल्ब डोक्यावर असेल तर बंद करा, दिवसा उजेडात बसा, पण उन्हात नको. नव्या रिमोटचं सेट बटन दिवा स्थिर लागेपर्यंत धरा. मग नव्याचं जे बटन शिकवायचं ते एकदा दाबा, दिवा लुकलुकू लागेल. आता जुन्या रिमोटचं तेच बटन दाबा. दिवा भराभर तीनदा चमकला की शिकला. चमकला नाही तर अंतर थोडं वाढवून पुन्हा करा. सगळी बटनं झाली की सेट दाबून साठवा. हे शेवटचं सेट विसरलं की काही रिमोट सगळं शिकलेलं टाकून देतात, म्हणून मी दर पाच-सहा बटनांनंतर साठवतो.

बटनांचा क्रमही महत्त्वाचा. जुना रिमोट मध्येच दगा देऊ शकतो, म्हणून जी बटनं दुसरीकडे मिळत नाहीत ती आधी शिकवा. रेकॉर्ड, थांबवा, मागे, पुढे, साठवलेल्यांची यादी उघडणारं बटन, हिरवं-पिवळं-निळं बटन आणि मागे जाण्याचं बटन. आवाज आणि अंक शेवटी, ते कुठल्याही डुप्लिकेटवर मिळतात.

अंकांच्या बाबतीत एक खोड आधीच सांगून ठेवतो, कारण तिथे लोक रिमोट खराब समजून परत करतात. काही बॉक्सांची भाषा फिलिप्सने काढलेल्या आरसी-५ किंवा आरसी-६ घराण्यातली असते. त्यात प्रत्येक नव्या दाबाबरोबर एक खूण उलटसुलट होते, त्यावरून बॉक्सला कळतं की बटन सोडून पुन्हा दाबलंय की धरूनच ठेवलंय. शिकलेला रिमोट मात्र एकाच दाबाची नक्कल पाठ करतो, खूण बदलत नाही. मग ११२ नंबर लावायला गेलं की दुसरा १ बॉक्स मोजतच नाही. असं झालं तर रिमोट बिघडलेला नाही. तेवढ्या चॅनेलांसाठी बॉक्सची आवडत्या चॅनेलांची यादी वापरा किंवा खालच्या-वरच्या बाणाने जा.

पैसे देण्याआधीची शेवटची परीक्षा सेलची. शिकवून झालं की सेल काढून दहा मिनिटं बाजूला ठेवा, परत घालून लाल बटन दाबून बघा. चांगला रिमोट शिकलेलं विसरत नाही. विसरला तर तो परत करा, नाहीतर दर सेलबदलाला अख्खी शाळा पुन्हा भरवावी लागेल.

फुकटची एक वाटही आहे. शाओमीच्या रेडमी नोट मालिकेतल्या बहुतेक फोनांच्या वरच्या कडेला रिमोटसारखाच किरणांचा दिवा असतो आणि कंपनीचं मी रिमोट नावाचं ॲप त्यातून टीव्ही आणि बॉक्स चालवतं. घरात असा फोन असेल तर नवा रिमोट येईपर्यंत एक रुपयाही न घालता रेकॉर्डिंग लावता येतं. फक्त तो फोन त्या वेळी घरात हवा, आणि तरणी पोरं संध्याकाळी घरात कमी सापडतात.

खरेदी कुठे करावी? पवनी, लाखांदूर, साकोलीच्या बाजारात डुप्लिकेट सहज मिळतात, सगळी बटनं शिकणारे कमी. ते भंडारा शहरातल्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक दुकानांत किंवा नागपुरात सीताबर्डीला बघावेत. जाण्यायेण्याचा खर्च हिशेबात धरा. पवनीहून भंडारा सुमारे ४५ किलोमीटर. एसटीत बायांना निम्मं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत, त्यामुळे बॉक्स पिशवीत घालून घरच्या मावशी-आजीने जाणं स्वस्त पडतं. हो, बॉक्सच न्या. दुकानातल्या टीव्हीला जोडून लाल बटन चालवून बघितल्याशिवाय खात्री नाही. छत्रीचा सिग्नल नसला तरी मेन्यू आणि साठवलेल्यांची यादी उघडते का, एवढं बऱ्याच बॉक्सांत कळतं. ऑनलाइन घ्यायचा असेल तर परत करण्याची मुदत वाचा आणि पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवा.

कंपनीचा माणूस घरी बोलावला तर भेटीचे साधारण २०० ते ३०० रुपये होतात. रिमोटसाठी तेवढे घालवू नका. आणि कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. बॉक्सच्या मेन्यूत किंवा बिलावर असतो तोच घ्या. समोरचा ओटीपी मागू लागला किंवा फोनचा पडदा दाखवणारं ॲप टाकायला सांगू लागला तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

१५० रुपयांच्या रिमोटलाही बिल मागा. पाकिटावर छापील किंमत आणि बनवणाऱ्याचं नाव-पत्ता असणं कायद्याने बंधनकारक आहे. रिमोट चालत नसेल आणि दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे. पुढे भंडाऱ्यात जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. एका रिमोटसाठी आयोगापर्यंत कोणी जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण बिल हातात असलं की दुकानदार बदलून देतो.

रेकॉर्डिंगबद्दल आणखी एक. पेनड्राइव्हवर साठवलेला भाग बहुतेक डिश कंपन्यांच्या बॉक्सांत त्याच बॉक्सवर चालतो, दुसऱ्यावर नाही. तेव्हा रिमोट मिळत नाही म्हणून बॉक्सच बदलायला निघाला असाल तर साठवलेलं सगळं आधी बघून घ्या. रिचार्ज संपला की साठवलेलंही न दाखवणारे बॉक्स आहेत, तेही कंपनीला विचारा.

मावशीच्या रिमोटच्या लाल बटनावर आता नेलपॉलिशचा ठिपका आहे. पाठीला चिकटपट्टीखाली एक चिठ्ठी आहे, तिच्यावर बॉक्सचा मॉडेल नंबर, शिकवल्याची तारीख आणि शेजारच्या घरी तसाच रिमोट असल्याची नोंद. यंदा मृगाच्या आधी सेल बदलले आणि तिच्याकडूनच लाल बटन दाबून घेतलं. बॉक्सवर लाल दिवा लागला.